हत्यारं मागं ठेवणारे दिपके

दवाखान्यात कुठलीही नवी वस्तू आली की आम्ही सगळे त्या वस्तूभोवती जमायचो आणि उत्तम दिपके तिच्या खोक्याभोवती. पंखा असो, वजनकाटा असो, नाहीतर इंजेक्शनच्या सुया उकळायचं भांडं. दिपके आधी सुतळी सोडवून तिची गुंडी करायचे, मग खोक्याच्या तळाशी हात घालून चाचपायचे. तिथं राहिलेला एखादा वाकडा पाना, स्क्रूची पुडी, न वाचता फेकला जाणारा कागद ते बाहेर काढायचे आणि पुडीवर निळ्या पेनानं लिहायचे, 'वजनकाटा, डावा पाय.' त्यांच्या स्टोअरमध्ये औषधांच्या मांडणीखाली अशा पुड्यांचं एक वेगळं कपाटच होतं. बसवायला आलेला माणूस आपलं हत्यार पिशवीत टाकून निघाला की दिपके दारात उभे राहायचे.

"तेवढा पाना ठिवून जा की, मालक."

"अहो, तो आमचा आहे."

"तुमचाच हाय. पर वस्तू तर आमच्यापाशी राहायलीय ना?"

काही जण हसून देऊन टाकायचे, काही जण चिडायचे. बहुतेक जण हसायचे.

परभणीत तेव्हा क्षयरोग्यांसाठी एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता. आता तो नाही. मी तिथं टायपिस्ट होते, टेंपररी. घरी आई आणि पायानं अधू असलेला भाऊ. दिपके स्टोअरकीपर होते, आयटीआय झालेले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच माणूस, पण खांदे पुढं झुकलेले, सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. आमच्या कंपाउंडरला, तो वयानं लहान असूनही, सगळे 'साहेब' म्हणायचे. दिपकेंना मात्र 'ए दिपके'. चहा आला की सगळ्यांना कपबशा आणि दिपके आपल्या खणातला स्टीलचा ग्लास पुढं करायचे. "माझा गलास मोठा हाय," असं ते म्हणायचे. त्यांना चहा जास्त लागत असेल, अशी माझी दोन वर्षं समजूत होती.

औषधं सांभाळणं हे त्यांचं काम. पण औषध नेणारा माणूस पुढच्या महिन्यात परत आला की नाही, ही काळजी त्यांना कुणी दिलेली नव्हती, ती त्यांनी घेतली होती. क्षयाचं असं की दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि माणूस गोळ्या सोडतो. मग सहा महिन्यांनी येतो तो खाटेवरून. जो आला नाही त्याला दिपके पोस्टकार्ड लिहायचे. पत्रावर रोगाचं नाव कधी नसायचं, कारण पोस्टमन वाचतो, मग गाव वाचतं आणि पोरींची लग्नं अडतात. 'आपली एक वस्तू आमच्याकडे राहिली आहे, ती येऊन घेऊन जावी.' एवढंच. एकदा सेलूकडचा एक म्हातारा ते पत्र घेऊन आला आणि खरोखरच वस्तू मागू लागला. दिपकेंनी त्याच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली. म्हाताऱ्यानं पुडीकडं बघितलं, दिपकेंकडं बघितलं आणि म्हणाला, "मला वाटलं छत्री असंल."

नव्वद साली देणगीतून दवाखान्याला कॉम्प्युटर मिळाला. खोलीला पडदे लागले, दारात चपला काढायची पाटी लागली, शिपायानं नारळ फोडला. शिकायला औरंगाबादला सहा आठवडे कुणी जायचं, यावर सगळ्यांनी खाली बघितलं आणि दिपके गेले. त्यांच्याकडून मग मी शिकले. मशीनचं काम एकच होतं. प्रत्येक रोग्याचं नाव, गाव आणि पुढची तारीख त्यात भरायची. दर सोमवारी, जे आले नाहीत त्यांची यादी ते आपोआप छापून द्यायचं. त्या यादीवरून दिपके पत्रं लिहायचे. आधी त्यांना रजिस्टरची पानं उलटत दोन दिवस लागायचे, आता दहा मिनिटं. आमचे प्रमुख डॉक्टर काझी इतके खूश झाले, की कागदी रजिस्टर त्यांनी बंदच करून टाकलं.

मशीन बसवायला आलेला कंपनीचा इंजिनिअर तरुण होता, स्वभावानं वाईट नव्हता. दुपारी काम संपल्यावर तो म्हणाला, "आता यातले काही प्रोग्रॅम मी काढून टाकतो. ते बसवायच्या वेळीच लागतात. आणि या फ्लॉप्या माझ्यासोबत नेतो."

दिपके दारात उभे राहिले. "काहून, साहेब?"

"यात फॉरमॅट नावाची एक कमांड आहे. मशीन कोरं करून नव्यानं बसवताना ती लागते. नंतर चुकून कुणी दिली, तर तुमचं सगळं पुसून जाईल. बसवून झालं की असल्या गोष्टी मागे ठेवायच्या नसतात."

"अन् मशीन बंद पडली तर?"

"आम्हाला फोन करा."

"फोन लागला न्हाई तर?"

"पत्र टाका. कुणीतरी येईलच."

"तवर पेशंटानं काय करायचं?"

इंजिनिअर डॉक्टरांकडं बघून हसला. "घर बांधून झालं की गवंडी परांची काढून नेतोच की."

"न्यावी की. पर घर गळायलं तर चढायचं कशावरून?"

बराच वेळ हे चाललं. दोघांचंही खरं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटत होतं, दिपके उगीच हट्ट करताहेत. शेवटी डॉक्टर काझी म्हणाले, "रहने दो. दिपके, जिम्मेदारी तुमची. लिहून द्या." दिपकेंनी लिहून दिलं, 'सदर साधने माझ्या जबाबदारीवर मशीनमध्ये व कार्यालयात ठेवली आहेत.' खाली सही. तो कागद मीच टाइप केला होता.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा हट्ट कामाला आला. परभणीचं व्होल्टेज वर-खाली होऊन एका सकाळी मशीन सुरूच होईना. औरंगाबादचा फोन लागला नाही. दिपके अकरा वाजता फ्लॉप्यांचा डबा घेऊन बसले. त्या डब्यात त्यांनी दमट हवेसाठी तांदळाची पुरचुंडी ठेवलेली असायची. मशीन कोरं केलं, सगळं नव्यानं बसवलं आणि आठवड्याच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून नावं परत भरली. चारच्या सुमाराला प्रिंटर करकरायला लागला. डॉक्टर स्वतः उठून आले आणि त्यांनी आपल्या हातानं खुर्ची पुढं केली. "बैठो, दिपके." दिपके दोनदा सांगितल्यावर बसले, ते पण खुर्चीच्या कडेला.

पुढच्या पावसाळ्यातलं मी आता सांगते. ते मी केलं.

कोऱ्या फ्लॉप्या कितीतरी महिने मागवून मिळाल्या नव्हत्या. जुन्यांवरच प्रती काढणं चाललं होतं. एका शुक्रवारी नव्या फ्लॉप्यांचा गठ्ठा आला. दिपके जागेवर नव्हते. माणिक नावाचा एक पेशंट दोन पत्रं टाकूनही आला नव्हता, म्हणून त्याच्या गोळ्या घेऊन ते त्याच्या गावी गेले होते. नवी फ्लॉपी वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागते. ते काम दिपके कुणाला करू देत नसत. पण त्यांची बोटं मी कितीतरी वेळा बघितली होती. वाटलं, ते येईपर्यंत सगळ्या तयार करून ठेवाव्यात. कमांड दिली. पुढं एक अक्षर टाकायचं असतं. फ्लॉपीचं 'ए' आणि मशीनच्या आतल्या डिस्कचं 'सी'. रोज दिवसभर सी लिहायची सवय, मी सी टाकलं. मशीननं इंग्रजीत विचारलं, नक्की का? ते नेहमीच काहीबाही विचारतं असं वाटून मी हो म्हटलं. लाल दिवा खूप वेळ लुकलुकत राहिला. आपण किती सफाईनं केलं, म्हणून मी खूश होते.

दिपके तीनच्या गाडीनं आले. पायाला चिखल होता म्हणून बाहेर पाय धुऊन आत आले. मशीनच्या पडद्याकडं बघितलं.

"ताई, कोणतं अक्षर दाबलं?"

"सी."

ते स्टुलावर बसले. रागावले नाहीत. पाणी मागितलं, अर्धं प्याले. मग विचारलं, "कुणाला बोललाव का?"

"नाही."

"मंग नका बोलू."

जपून ठेवलेल्या प्रती काढून बघितल्या, तर जुन्या फ्लॉप्यांवर पावसाळ्याची बुरशी. पुरचुंडीतले तांदूळसुद्धा ओले झाले होते. जी एक उघडली ती होळीच्या आधीची. मधल्या पाच महिन्यांत आलेली माणसं गेली. कोण कुठल्या गावचं, कुणाची कितवी पुडी, काही राहिलं नाही. कागदी रजिस्टर तर बंदच झालं होतं.

संस्थेचे सचिव चौकशीला आले. डॉक्टरांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. "कुणाच्या हातून झालं?" त्यांनी विचारलं. मी खुर्चीवरून उठले होते, हे मला पक्कं आठवतं. दिपके माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या हातून."

"कंपनी काढून टाका म्हणत असताना ते प्रोग्रॅम ठेवले कुणी?"

"मी ठेवले, साहेब."

सचिवांनी फाइलमधून तो सहीचा कागद काढून टेबलावर ठेवला. मग डॉक्टरांकडं वळून इंग्रजीत म्हणाले, की असल्यांना आणून वर बसवलं की दुसरं काय होणार. दिपकेंना इंग्रजी येत नसेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. सहा आठवडे दिपके इंग्रजी पुस्तकांवरच शिकून आले होते. डॉक्टर काझी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. आणि मी परत खाली बसले.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. दिपके व्हरांड्याच्या टोकाला जाऊन थांबले, मी डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाले, "तुमी टेंपररी हाव, ताई. तुमची नोकरीच जाईल. माझ्यावर नुसता एक शेरा येईल. येऊ द्या."

नुसत्या शेऱ्यावर भागलं नाही. पण ते नंतर.

त्या दिवसापासून दिपकेंनी सुट्टी म्हणून घेतली नाही. दर रविवारी एसटीनं, नाहीतर पॅसेंजरनं निघायचे, आणि पेशंटांच्या घरी जाऊन त्यांच्याजवळच्या पिवळ्या कार्डांवरून नाव, तारीख, पुडी उतरवून आणायचे. सोमवारी मी ते मशीनमध्ये भरायची. एका रविवारी मी म्हटलं, मीही येते. ते नको म्हणाले, मग म्हणाले, चला.

आम्ही चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलो आणि तासभर चालत माणिकच्या गावी गेलो. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, पाय रुतवणारी काळी वाट. चालता चालता दिपके म्हणाले, "हे मपलंच गाव हाय."

गावाच्या कडेला दहा-बारा घरं होती, पत्र्याची. त्यातल्या एका ओट्यावर आम्ही टेकलो. आत कुणी राहत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, पण ते बोलायला लागले.

"अठ्ठ्याहत्तरला जाळली ना घरं. विद्यापीठाच्या नामांतरावरून. मी आयटीआयला होतो तव्हा. आलो तर राख. मंग शहरातून मदतवाले आले. चांगली माणसं होती, खोटं काहून बोलावं. तीन दिसांत खांब रवले, पत्रे ठोकले, नटबोल्ट आवळले, लेकरायला बिस्किटं दिली. अन् गेले. पाने त्यायचे, ते घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात वावधान सुटलं तर नट ढिले झालेले. बारा नंबरचा पाना पाहिजे, एवढाच. गावात कुणी देईना, आमच्यावर बहिष्कार. मी पूर्णेला गेलो आणायला. आईनं तवर पत्र्यावर दगडं ठिवली, उडू नये म्हणून."

 समोरून एक बाई घागर घेऊन गेली, तिनं दिपकेंकडं बघून मान हलवली.

"मी पाना घेऊन आलो तव्हा दगड तिच्या डोक्यात पडून गेला होता. मेली न्हाई. दोन वरसं होती. पर वळखायची न्हाई कुणाला. मी मास्तर हाव असं वाटायचं तिला. लेकरायला मारू नका म्हणायची."

 मग ते उठले आणि म्हणाले, "चला, माणिकची गोळी राहिलीय."

माणिकचं घर गावाच्या मध्यात होतं, चार एकरवाल्याचं. बायको गिरजा, दोन लहान मुली. माणिक तिशीतला, गालफडं बसलेला, दोनदा औषध सोडून तिसऱ्यांदा सुरू केलेला. तो दिपकेंसमोर नीट बसत नव्हता, उभाही राहत नव्हता. दिपकेंनी गोळ्या त्याच्या तळहातावर मोजून ठेवल्या आणि तो गिळेपर्यंत बघत राहिले. "तोंड उघड. जीभ वर कर. हां." मग कार्ड उतरवून घेतलं. गिरजानं चहा केला. कपबशीत आणला, दोघांनाही सारख्याच. दिपकेंनी कप दोन्ही हातांत धरला आणि फार सावकाश प्याले.

परतताना ते म्हणाले, "घरं जाळली त्या दिशी आमच्याकडं आलता त्यो बी. पोरगंच व्हतं, सोळा-सतराचं. आई सांगायची, पळताना त्याच्या काखंत आमची कोंबडी व्हती." आणि ते हसले. "समदं मशीनमधून गेलं तरी ह्याचं कार्ड मला तोंडपाठ व्हतं, बघा."

यादी परत उभी राहायला संक्रांत आली. त्यानंतर महिन्याभरात दिपकेंची सोनपेठच्या उपकेंद्रात बदली झाली, बढती थांबली आणि सचिवांचं लेखी फर्मान आलं, की मशीन बसवण्याची कोणतीही साधनं मशीनमध्ये वा कार्यालयात ठेवू नयेत. इंजिनिअर येऊन प्रोग्रॅम काढून गेला, फ्लॉप्यांचा डबा घेऊन गेला. दिपकेंनी जाताना स्टोअरच्या किल्ल्या दिल्या आणि मला एक वही दिली. बिघाड झाला तर काय काय करायचं, ते त्यात पायरीपायरीनं लिहिलेलं होतं. प्रत्येक पायरीला आता नसलेली फ्लॉपी लागत होती. ते त्यांनाही माहीत होतं, पण त्यांनी ती दिली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मशीन कुणी पुसलं नाही, हेही खरं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते सुरू झालं नाही. फोन लागला, पण कंपनीनं औरंगाबादचं ऑफिस बंद केलं होतं. पुण्याला पत्र गेलं, पुण्याहून पत्र आलं. माणूस यायला चार महिने लागले. तोवर मशीन कापड पांघरून बसलं होतं. आत नावं जशीच्या तशी होती, पण बाहेर काढायला आमच्याकडं काहीच नव्हतं. डॉक्टर काझी तोवर निवृत्त झाले होते. दिपकेंना बोलवा, असं मी नव्या डॉक्टरांना सुचवलं. ते म्हणाले, "हातात साधन नाही तर तो तरी येऊन काय करणार?" त्यात चूक काही नव्हतं.

मी आठवतील तेवढी नावं कागदावर लिहिली आणि आठवतील तेवढ्यांना पत्रं टाकली. मला शे-दीडशे आठवली. माणिकचं औषध अजून चालू होतं, पण माझ्या कागदावर त्याचं नाव नव्हतं. त्याच्या घरचा चहा प्याले होते मी, तरी नव्हतं.

माणिक भादव्यात गेला. शेतात असतानाच तोंडातून रक्त आलं, खाटेवर घालून चुडाव्यापर्यंत आणला, पण गाडी यायची होती. मशीन सुरू झालं, त्या सोमवारच्या यादीत त्याचं नाव छापून आलं. पुढं गैरहजेरीचे चार महिने.

दिवाळीनंतर मला कायम केलं. ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात मी सोनपेठची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. उपकेंद्र म्हणजे एक खोली, पुढं पडवी. दिपके पडवीत बसून एका बाईला समजावत होते, "लघवी लाल झाली तर भ्यायचं न्हाई. गोळी कामाला लागली म्हणायचं." ते वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, बाकावरची धूळ त्यांनी रुमालानं झटकली.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "मी आता परमनंट झाले. मी सचिवांना लिहून देणार आहे, ते माझ्या हातून झालं होतं म्हणून."

त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं ते तेवढंच.

"तुमाला हलकं वाटावं म्हणून का?"

मी बाकाच्या कडेला टेकले.

"ताई, मी काय उपकार केले न्हाई तुमच्यावर. ती वस्तू ठिवायची जिद्द कुणाची व्हती? माझी. इंजिनिअर बोलला व्हता, चुकून कुणी तरी दाबंल. मी म्हटलं, ठिवा. ठिवलं तर त्याच्यापाशी माणूस बी बसवावा लागतो. मी त्या दिशी जाग्यावर न्हवतो. तुमाला धड शिकवलं बी न्हाई, कुणाला हात लावू द्यायचो न्हाई. म्हंजी मी बी त्या इंजिनिअरवानीच केलं की." ते खाली बघत बोलत होते. "अन् काढून नेलं तर माणिक गेला. मंग खरं काय म्हणायचं? मला तर समजंना झालंय."

मी विचारलं, "माणिकचं तुम्हाला कुणी कळवलं?"

"गिरजाबाईनं. पोरीकडून पत्र लिहवलं. मशीन बंद हाय हे कानावर आलं व्हतं, सुरू व्हायची मी तीन महिने वाट पाहिली, पर सोनपेठचं सोडून तिकडचं माझं काम न्हाई म्हणून गेलो न्हाई. जायाला पाहिजे व्हतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमी लिहा, न्हाई तर नका लिहू. पर मला सांगायला येऊ नका."

मी लिहिलं. सचिवांचं उत्तर आलं, की जुनी प्रकरणं उकरून काढण्याचं कारण नाही. दिपकेंचा शेरा तसाच राहिला.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर अखेर झालं. काही दिवस एसटी बंद, सगळीकडं धास्ती. आमच्या दवाखान्यात कुणी पेढे वाटले, कुणी खाल्ले नाहीत. मला दिपकेंना पत्र लिहावंसं वाटलं, काय लिहावं ते सुचलं नाही.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर दिपके गेले. क्षयानं. ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्याला थुंकी तपासायला लावली, त्यानं स्वतःची तपासायला दिली ती फार उशिरा. आम्हाला कळलं तोवर सोनपेठला सगळं आटोपलं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, फेब्रुवारीत. चुलतभावाच्या लग्नाला मी नांदेडला चालले होते. आमची पॅसेंजर क्रॉसिंगसाठी चुडाव्याला थांबली. पलीकडच्या फलाटावर, परभणीकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत, लिंबाच्या सावलीत दिपके उकिडवे बसले होते. शेजारी गिरजा, बिनकुंकवाच्या कपाळाची, आणि तिच्या दोन्ही मुली. बापाचा रोग घरात कुणाला लागलाय का, ते बघायला ते सगळ्यांना तपासणीला घेऊन निघाले असणार. रजा टाकून, सोनपेठहून इतक्या लांब.

त्यांच्या हातात थुंकीची छोटी डबी होती. खोकायचं कसं ते ते मुलींना दाखवत होते. घशातून नाही, खालून, पोटातून. त्यांनी छातीवर हात ठेवला, गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि खोकून दाखवलं. मुली हसायला लागल्या. धाकटीनं तोंडावर फ्रॉक ओढून घेतला. त्यांनी परत खोकून दाखवलं आणि मग ते खोकणं थांबेना. तोंड दुसरीकडं वळवून, एक हात जमिनीला टेकून ते खोकत राहिले. दुसऱ्या हातानं मुलींना नुसतं खुणावत होते, काही नाही, काही नाही. मुलींना वाटलं अजून गंमतच चाललीय. मी खिडकीच्या गजातून हाक मारली, "दिपकेभाऊ!" इतक्या वर्षांत मी त्यांना भाऊ म्हटलं ते पहिल्यांदाच. पण मधल्या रुळावरून त्यांची गाडी शिट्टी देत आत आली, आणि आमची हलली तेव्हाही पलीकडून मुलींचं हसू ऐकू येत होतं.